लाव्हाच्या माळावरचा गडगा

भाभी यान्बू सोडून कायमची चालली आहे, हे मला तिच्या फ्रिजकडून कळलं.

इथं सौदीत आमच्या वसाहतीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. जिच्या पासपोर्टवर शेवटच्या परतीचा शिक्का बसतो, ती घरातल्या सामानाचे फोटो त्यावर टाकते. सोफा, कपाट, इस्त्रीचं टेबल, मग राहिलेल्या कुंड्या. दुपारी भाजी निवडता निवडता मी फोन उघडला तर समोर तिचा फ्रिज. त्याच्या दांडीवरचं क्रोशाचं लाल कव्हर मीच विणलेलं होतं. त्याखाली मिक्सर, फुटक्या झाकणाला रबर लावलेला. तो रबरही माझ्याच घरचा.

मी तशीच चपला सरकवून तिच्याकडे गेले. दहा दिवस राहिले होते. तिच्या नवऱ्याची नोकरी संपल्याचं बकरी ईदच्या आधीच कळलं होतं, म्हणजे चार महिने झाले होते. चार महिने ही बाई माझ्याबरोबर रोज संध्याकाळी समुद्रावर फिरत होती, कोथिंबिरीच्या भावापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं बोलत होती, आणि हे तेवढं बोलली नव्हती.

"सांगून काय केलं असतंस गो वयनी?" ती खोके बांधता बांधता म्हणाली. "चार महिने रडत बसलं असतंस."

"तेवढं तरी करू द्यायचं होतंस," मी म्हटलं आणि दार आपटून निघून आले.

माझा स्वभाव तिरसट आहे, हे मला कुणी सांगायला नको. एकदा बिनसलं की मी तोंड उघडत नाही. ती निघाली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून मेथीची एकेक काडी निवडत होते. खाली गाडीत सामान चढल्याचे आवाज आले, दाराची बेल दोनदा वाजली. मी उठले नाही. तासाभराने दार उघडलं तेव्हा उंबऱ्यापाशी तिची निळी प्लास्टिकची चटई गुंडाळून ठेवलेली होती. त्यानंतर राजापूरहून तिचे तीन फोन आले आणि तिन्ही मी वाजू दिले. दोन महिने झाले तरी मी तिच्याशी बोलले नव्हते, आणि दिवसागणिक ते अवघड होत चाललं होतं.

ती म्हणजे माझी कोण, हे सांगायला हवं. नात्याची कुणी नाही, वसाहतीतली शेजारीण; भाभी आणि वयनी ही नुसती हाक. यान्बूत कारखाने आहेत, बंदर आहे आणि माणसं मोजकी. आमच्या ह्यांची शिफ्ट असते. घरी आले की जेवतात, फोन बघतात, झोपतात. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. मुलगा शिकायला म्हणून लांब गेला तो तिकडेच राहिला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. बाकी सगळ्यांशी हिंदी. दिवसभरात मराठीत पूर्ण वाक्य बोलायचं तर भाभीशीच. ती राजापूरकडची, मी जुन्नरची. ती गेल्यावर कित्येक दिवस मी घरात नुसतं "हं" आणि "जेवायला वाढलंय" एवढंच बोलत होते. एकदा बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात, कांदे घेताना मी त्या मल्याळी दुकानदाराशी नकळत मराठीत बोलायला लागले. तो बिचारा मान हलवत राहिला. घरी येऊन मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि रडले.

थंडी सुरू झाली की आम्हा दोघींचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. यान्बूहून आत, अल ऐसच्या बाजूला, अडीच तासांवर ज्वालामुखींचा मोठा मुलूख आहे. तिथले लोक त्याला हर्रा म्हणतात. नजर पोचेल तिथवर काळे, खरबरीत, धारदार दगड आणि मधूनमधून वर आलेले तोंडं उघडी टाकलेले डोंगर. मी जुन्नरची, लहानपणापासून गड चढलेली. आपला सह्याद्रीही असाच कधीतरी लाव्हातून झाला, फक्त त्याच्यावर पुढे माती साठली, झाडं आली, माणसं आली. इथं यातलं काही झालेलं नाही. पहिल्यांदा आमच्या ह्यांनी नेलं तेव्हा ते गाडीतूनच म्हणाले, "इथं बघायचं काय आहे?" त्यानंतर ते आले नाहीत. पुढे बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, मी लायसन काढलं आणि आम्ही दोघीच जायला लागलो. डिसेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोन शुक्रवार.

आमचा डोंगरही ठरलेला. डांबरी रस्ता सोडून खडीच्या वाटेने आत गेलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या पलीकडच्या बाजूला गाडी लावायची. उंचवट्यावरून समोर तासाभराच्या चढाचा डोंगर दिसतो, मध्ये एक खिंड, वर काठ.

भाभी कधीही वर आली नाही. "माझं काय हरवलंय गो वर?" ती म्हणायची. "तू जा. मी हय बसतंय." मग ती उंचवट्यावर निळी चटई पसरायची, छत्री उघडायची, छोटा गॅस, भांडं, डब्यात घावणे आणि नारळाची चटणी. मी चढायला लागायचे. दीडेक तासाने मी काठावर रेंगाळतेय असं वाटलं की ती खाली जाऊन गाडीचा हॉर्न वाजवायची. त्या शांततेत तो हॉर्न असा काही लागायचा की मी चिडून उतरायला सुरुवात करायचे. उतरले की चहा गाळता गाळता ती विचारायची, "उतरलंस काय गो?"

"नाही, अजून वरच आहे," मी म्हणायचे. दर वेळी तोच प्रश्न आणि दर वेळी माझं तेच उत्तर. तिचा चहा मात्र नेमका तेव्हाच उकळलेला असायचा. मी चटईवर टेकायच्या आत कप हातात. मला वाटायचं, बाईचं नशीब चांगलं आहे, अंदाज बरोबर लागतो.

वाट बघून कंटाळा येतो म्हणून तिने तिथं एक उद्योग काढला होता. कोकणात घराभोवती, वाडीभोवती नुसत्या दगडांवर दगड बसवून गडगा घालतात, चिखल नाही की सिमेंट नाही. तसा गडगा ती त्या उंचवट्यावर घालत होती. आधी उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून हातभर भिंत, मग ती वाढत गेली, मग काटकोनात डोंगराच्या बाजूने दुसरी. दर खेपेला दहा-पंधरा दगड. मी तिला चिडवायचे, "सातबारा कुणाच्या नावावर करतेस?" ती म्हणायची, "राजाच्या. आपल्याला काय, बसायपुरतं."

तिचं बांधकाम पक्कं होतं, पण डोंगराकडच्या भिंतीत एका जागी दगड एका थराने कमी होता. ते मला खुपायचं. मी येता जाता तिथं एखादा दगड बसवायचे आणि ती तो काढून टाकायची. "राहू दे गो. वारा येतो," म्हणायची. वाऱ्यासाठी भिंत घालायची आणि वाऱ्यासाठीच ती मोडायची, या तर्कावर मी पुष्कळ हसले आहे.

या डिसेंबरात पहिला शुक्रवार आला तेव्हा मी ठरवलं की एकटीने जायचं. तिच्यावाचून माझं काही अडत नाही, हे तिला दाखवायचं होतं. ती हजारभर कोसांवर बसलेली, तिला ते दिसणार कसं, असले प्रश्न मला रागात पडत नाहीत. आमच्या ह्यांना सांगितलं, ते झोपेतच "बरं" म्हणाले. पोळीभाजी घेतली, दोन लिटर पाणी घेतलं. निळी चटई त्या दिवसापासून गाडीच्या डिकीतच पडली होती, तिच्याकडे बघितलंही नाही.

रस्ताभर गाडीत कुणी बोलत नव्हतं. उंट दिसले की भाभी मोजायची; या वेळी उंट होते आणि मी मोजले नाहीत. नेहमीच्या जागी, उंचवट्याच्या आड, गाडी लावली. गडग्याकडे न जाता बगल देऊन थेट डोंगराला लागले. अकरा वाजले असतील.

चढ छान झाला. पन्नाशी उलटली तरी दम टिकून आहे याचा मला जरा गर्वच आहे. काठावर पोचून पोळीभाजी खाल्ली. समोर त्या डोंगराचं पोट, आत लालसर राख, आणि पलीकडे तसेच आणखी तीन-चार डोंगर. हॉर्न वाजणार नव्हता. इतकी वर्षं मला त्या काठावरून पूर्ण फेरी मारायची होती आणि दर वेळी अर्ध्यातून हॉर्न यायचा. मी म्हटलं, चला, आज बोलवायला कुणी नाही. आणि फेरीला निघाले. फेरी लांब निघाली. दोनदा खाली-वर करावं लागलं, एका ठिकाणी बसून हातांनी उतरावं लागलं. शेवटी खिंड आली असं वाटलं आणि मी उतरायला लागले.

निम्म्यावर आल्यावर मी सवयीने खाली बघितलं आणि तिथं काही नव्हतं.

म्हणजे दगड होते. सगळीकडे दगडच होते. निळं काही नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की इतक्या वर्षांत मी त्या डोंगरावरची वाट कधी नीट पाहून ठेवलीच नव्हती. खिंडीत आलं की खाली निळा ठिपका दिसायचा आणि मी त्याच्याकडे तोंड करून उतरायचे. खूण लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती. ती खूण आता गुंडाळून डिकीत होती, आणि डिकी कुठे होती ते मला माहीत नव्हतं. शिवाय मी उतरत होते ती खिंडही नेहमीची नव्हती. वरची फेरी मारताना मी डोंगराच्या भलत्याच अंगाला आले होते.

फोन काढला. रेंज नाही. नकाशावर पिवळट कोऱ्या कागदात एक निळं टिंब. नकाशात मी होते, गाडी नव्हती. गाडीच्या जागेची खूण करून ठेवावी हे मला कधी सुचलंच नाही.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती सांगायला मला लाज वाटते. सह्याद्रीत आम्हाला शिकवलेलं असतं की वाट चुकली तर घाबरायचं नाही, ओढा धरायचा. पाणी खालीच जातं आणि पाण्याच्या काठाने कुठेतरी वाडी लागतेच. मी आजूबाजूला पाहिलं आणि मला चांगला रुंद, दोन्ही बाजूंना काठ असलेला, तळ जरा सपाट असा ओढा दिसला. जिवात जीव आला. मी त्यात उतरले आणि मोठ्या आत्मविश्वासाने चालायला लागले. जवळजवळ तासभर चालले. ओढा वळणं घेत होता, मीही घेत होते. एका वळणावर तर पुढे झाडं दिसतील म्हणून मान उंच करून बघितलं. मग एकाएकी तो संपला. पुढे पुरुषभर उंचीचा धारदार दगडांचा ढीग, आणि बस्स.

मी त्या ढिगासमोर उभी राहिले आणि मला कळलं की मी काय केलंय. त्या ओढ्यातून कधी पाणी वाहिलंच नव्हतं. तो लाव्हाचा पाट होता. आग वाहत आली, जिथं थंड झाली तिथं थांबली. तिला कुठल्या वाडीला जायचं होतं! जन्मभर डोंगर चढलेली मी, जुन्नरचा शहाणपणा घेऊन त्या पाटातून गाव शोधत निघाले होते. ढिगावर चढून पलीकडे बघावं म्हणून हात टेकला तर तळहात काचेने कापावा तसा कापला.

तिथं मी खाली बसले. पाणी अर्ध्या लिटरच्या आतबाहेर उरलं होतं. साडेतीन वाजले होते, पावणेसहाला अंधार. मी कुठे आहे हे फक्त आमच्या ह्यांना माहीत होतं आणि तेही झोपेत ऐकलेलं. मला भीती वाटली. पण भीतीहून वाईट दुसरंच काहीतरी होतं. इथं मला काही झालं तर मी भाभीशी भांडलेलीच राहणार होते. तिचे तीन फोन न उचललेली बाई, एवढीच मी तिच्याकडे उरणार होते. मी त्या दगडांत बसून मोठ्याने म्हटलं, "भाभी, चुकलं गो माझं." दोन महिन्यांतलं ते माझं पहिलं मनापासूनचं मराठी वाक्य असेल. ऐकायला कुणी नव्हतं.

मग तळहाताला माझी नेहमीची लाल ओढणी बांधली आणि आल्या पाटाने परत चढायला लागले. खाली जाण्यात अर्थ नव्हता, वर जाऊन बघायला हवं होतं. जाताना जे तासाभरात उतरले ते चढायला कमी वेळ लागला, भीतीने पाय उचलत होते. पाटाबाहेर येऊन डोंगराच्या सोंडेवर पोचले आणि चहूकडे बघत सावकाश फिरले. ऊन तिरपं झालं होतं. त्या मुलखात एकही गोष्ट सरळ नाही. दगड वेडेवाकडे, सावल्या वेड्यावाकड्या. आणि त्यात लांब, डावीकडे, एक सरळ रेघ दिसली. रेघेला काटकोन होता.

निसर्ग काटकोन करत नाही. राजापूरची बाई करते.

मी धावले नाही, तिथं धावता येत नाही. पण नजर त्या रेघेवरून हलू दिली नाही. मध्ये ती दोनदा खोलगटात दडली तेव्हा मी थांबून परत वर चढून पाहिली आणि मगच पुढे गेले. पाऊण तासाने गडग्याशी आले. पलीकडे, उतारावर, धुळीने माखलेली माझी गाडी उभी होती.

गाडीपाशी आधी जायला हवं होतं, जादा पाणी तिथं होतं. पण मी गडग्याच्या आत, भाभीच्या बसायच्या सपाट दगडावर बसले. इतक्या वर्षांत मी त्या दगडावर कधी बसले नव्हते. मी चटईवर पाय पसरायचे, चहा प्यायचे, वरच्या गमती सांगायचे. मी उतरून यायचे तेव्हा ती पाठमोरी, चहा गाळत असायची. मी गृहीत धरलं होतं की मधला सगळा वेळ ती फोनवर नाहीतर पेंगत काढते.

दगडावर बसले तर समोर डोंगराकडची भिंत. आणि डोळ्यांच्या बरोबर पातळीवर ती खिंडार ठेवलेली जागा, एक थर कमी असलेली. तिच्यातून डोंगर दिसत होता. पायथ्यापासून खिंड, खिंडीपासून काठ, माझी चढायची आणि उतरायची पूर्ण वाट तेवढ्या चौकटीत. दुसरं काही नाही. मी थोडी सरकून पाहिलं, डावीकडे आणि उजवीकडे. वाट कुठूनही दिसत नव्हती, फक्त त्याच जागेवरून.

वारा येतो म्हणे.

चहाचंही मग कळलं. मी खिंडीत दिसले की ती पाणी ठेवत असणार. खिंडीपासून खाली यायला लागतो तेवढाच वेळ चहाला लागतो. आणि मी तिच्या भिंतीतली ती जागा भोक म्हणून बुजवत होते, दर खेपेला, आणि ती दगड काढून टाकत होती. दोन-दोन तास, दर खेपेला, तिने त्या फटीतून एका लाल ओढणीवर नजर ठेवली होती. मला एकटं चढायला आवडतं असं मी सगळ्यांना सांगत आले होते. मी एकदाही एकटी चढले नव्हते. आज पहिल्यांदा चढले.

मी तिथं मनसोक्त रडले. मग उठून गाडीशी गेले, पाणी प्यायले, डिकी उघडून निळी चटई बाहेर काढली. पसरायला वेळ नव्हता, ऊन उतरत होतं. ती मी पुढच्या सीटवर ठेवली, तिच्या जागेवर, आणि निघाले.

खडीची वाट संपून डांबरी रस्ता लागला तरी फोन मुका होता. अल ऐसच्या पेट्रोल पंपाशी रेंज आली. दिवे लागायची वेळ होती, पंपावरच्या मशिदीत मगरीबची अजान चालू होती. मी गाडी कडेला घेतली. राजापुरात आता आठ वाजून गेले असतील, ती जेवणं आवरत असेल. काय बोलायचं ते जुळवत होते. आधी माफी मागायची, मग गडग्याचं सांगायचं, मग ती कशी आहे विचारायचं. कापलेल्या हाताने नंबर लावला.

एकच रिंग वाजली. तिने हॅलो म्हटलं नाही, कशी आहेस म्हटलं नाही, दोन महिने का बोलली नाहीस हेही विचारलं नाही. आज डिसेंबरचा पहिला शुक्रवार आहे हे तिला माहीत होतं.

"उतरलंस काय गो?" ती म्हणाली.

माझं नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"उतरले," मी म्हटलं.